पाच कोपऱ्यांतला सांतो

सांतोच्या या वेळच्या कॅसेटीत एक प्रश्न होता, आणि तो पासिताच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला होता. गिळवत नव्हता, काढता येत नव्हता.

सांतो म्हणजे पासिताचा नवरा क्रिसांतो. अकरा वर्षं सौदीत दम्मामला, एअरकंडिशनर दुरुस्तीच्या कामावर. पासिता इकडे फिलिपिन्समध्ये, पांगासिनानात, सासूबरोबर आणि तेरा वर्षांच्या मारिकारबरोबर. पत्राबित्रांच्या भानगडीत ही मंडळी कधी पडली नाहीत. ज्या घरातलं माणूस सौदीला, त्या घरात कॅसेट भरली जायची. इकडून सुट्टी संपवून जाणाऱ्याच्या हाती एक, तिकडून येणाऱ्याच्या हाती एक. कोंबड्या किती झाल्या, कोण मेलं, कोणाचं लग्न मोडलं, सगळं त्या साठ मिनिटांत. पत्रात माणूस विचार करून खोटं लिहितो, कॅसेटीत निदान अडखळत तरी बोलतो.

प्रश्न साधा होता. "कंत्राट संपत आलंय, पासिता," सांतो म्हणाला होता. "कंपनी म्हणते, आणखी दोन वर्षांची सही कर. मी सही करू का घरी येऊ? तू सांगशील ते करीन. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

'तू सांगशील ते करीन' हे वाक्य ऐकायला फार गोड असतं. उचलायला घेतलं की कळतं, वजन किती आहे ते.

सासू, नानाय इसिंग, तिला तर यात प्रश्नच दिसत नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. लेक येणार, एवढंच तिने त्या कॅसेटीतून उचललं आणि चर्चच्या पायरीपासून मासळीबाजारापर्यंत सगळीकडे सांगून मोकळी झाली. एक डुकराचं पिल्लूही सांतोच्या नावाने पोसायला घेतलं. "तो येईस्तोवर चांगलं भरेल," असं म्हणून ती त्याला रोज हाताने खाऊ घालायची, आणि पासिता खिडकीतून ते बघायची आणि तोंड फिरवायची.

उत्तराची कॅसेट भरायची तर हाताशी होता तो जुना टेपरेकॉर्डर त्याच आठवड्यात बसला. आतला पट्टा सैल होऊन नानायचा आवाज दारुड्यासारखा यायला लागला. तेव्हा मारिकार म्हणाली, "मग बाबांच्या रिसीव्हरवरच भरू की."

हा रिसीव्हर सांतोने मागच्या सुट्टीत आणलेला. काळाकुळकुळीत, दोन माणसांनी उचलावा असा, आणि सोबत कॅसेटचा डेक आणि पाच स्पीकर. होम थिएटर. सांतोने सुट्टीचे चार दिवस भिंतीत खिळे ठोकून वायरी ओढण्यात घातले होते. पलीकडची बेलेन, जी सांतोची चुलतबहीण आणि पासिताची लहानपणची मैत्रीण, तेव्हा म्हणाली होती, "छप्पर गळतंय आणि आवाज मात्र थिएटरचा! पाऊस आला की तोही पाच बाजूंनी ऐकू येईल." पण खरं सांगायचं तर त्यावर कॅसेट लावली की सांतो पाची कोपऱ्यांतून बोलायचा. घर भरून जायचं.

मारिकारने माईक रिसीव्हरच्या पोटात खुपसला, मागून दोन वायरी काढून डेकला जोडल्या, आणि आईला शिकवलं. "माईकमधला आवाज रिसीव्हरमध्ये जातो, रिसीव्हरमधून कॅसेटीत. डेकचं बटण दाबलंत की ते फिरत राहील. त्याला हात लावू नका, टक्क आवाज येतो. बाकी सगळं रिमोटवर." एवढं सांगून, बाबांना परीक्षेचे मार्क सांगून, एक गाणं म्हणून ती चर्चच्या गायनाच्या सरावाला पळाली.

मग नानायची पाळी. ती माईकमध्ये बोलायची नाही, माईकला ओरडायची. "सांतो! ऐकतोस का! डुक्कर आणलंय!" असं दहा मिनिटं चाललं. शेवटी आलं उकळायला ठेवलंय म्हणून ती मागे स्वयंपाकघरात गेली.

आता घरात पासिता, तिच्या हातात माईक, आणि खिडकीपाशी शाळेच्या गणवेशांना काजं करत बसलेली बेलेन.

"सांतो," पासिता म्हणाली. पाची स्पीकरांतून तिचाच आवाज तिच्या अंगावर आला. "तू जे विचारलंस, त्याबद्दल..."

पुढे काही येईना. कॅसेट फिरतेय, शब्द नाही. तिने घाईघाईने रिमोटवरचं म्यूटचं बटण दाबलं. तांबडा दिवा लागला, स्पीकर गप्प झाले. नळ बंद केला की बादली भरायची थांबते, इतकं सोपं तिला ते वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

"काय सांगू गं याला?" ती बेलेनला म्हणाली.

"मला काय विचारतेस? नवरा तुझा. पोटात आहे ते सांग."

"पोटात आहे ते सांगण्यासारखं असतं तर सांगितलं नसतं का?"

बेलेनने दाताने दोरा तोडला. "मग मला सांग. मी कुठे कंपनीची साहेब आहे?"

आणि अकरा वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं ते पासिता बोलून गेली. माईक तसाच हातात.

"येऊ नये गं त्याने. मला वाटतं, येऊ नये. मागच्या वेळी पंचेचाळीस दिवस होता ना, मी एकेक दिवस मोजत होते. तो कधी जातो म्हणून मोजत होते, बेलेन. आठ मिनिटांत जेवायचा आणि ताट धुवून उपडं घालायचा, खानावळीत जेवल्यासारखा. मला विचारायचा, मीठ कुठे आहे. अगं, त्याच्या घरात त्याला मीठ सापडेना, आणि मी घरमालकिणीसारखी दाखवतेय. रात्री पलंगाच्या कडेला इतका अंग चोरून झोपायचा की मला वाटायचं पडेल. आणि मला झोपच यायची नाही. परक्या माणसाशेजारी कशी झोप येईल?"

"गाढवा, नवरा आहे तो तुझा."

"आवाज ओळखीचा आहे. माणूस नाही. या स्पीकरांतून बोलतो तेव्हा कसा घर भरून बोलतो! आणि आला तेव्हा एका खुर्चीत बसून एवढासा बोलायचा. मारिकार पण त्याच्याकडे बघायची नाही गं, त्याच्याच कॅसेटी लावून ऐकायची. तो बिचारा समोर बसलेला असायचा."

बेलेनने सुई खाली ठेवली. "आणि हे नानायला कळलं तर?"

"म्हणून तर तुला सांगतेय. त्याला नाही सांगता येत. नानायला नाही सांगता येत. कोणाला सांगू, भिंतीला?"

स्वयंपाकघरातून आल्याच्या चहाचा वास आणि नानायच्या सपाता आल्या. पासिताने डोळे पुसले, म्यूट काढलं, स्पीकर पुन्हा जिवंत झाले आणि ती हसऱ्या आवाजात म्हणाली, "तर सांतो, मी काय म्हणते, तुझं मन होईल तसं कर. पण आम्ही सगळे वाट बघतोय. नानायचं वय झालं. जमत असेल तर ये."

नानाय दारात चहाची कपबशी घेऊन उभी होती. तिने मान हलवली. फार खूश झाली ती.

संध्याकाळी कॅसेट मानोंग तिबोच्या घरी पोचती झाली. मानोंग, म्हणजे मोठा दादा, तिबो सांतोच्याच कंपनीत, त्याच वसाहतीत राहणारा. त्याची सुट्टी संपली होती आणि दुसऱ्या दिवशी तो निघायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानाय झोपली होती. मारिकार रेडिओवरची गाणी कॅसेटीत भरत होती. म्हातारीची झोप मोडू नये म्हणून तिने आवाज बंद केला होता. पासिता तांदूळ निवडत होती. थोड्या वेळाने मारिकार उड्या मारत आली.

"आई, गंमत ऐका! म्यूट करून भरलं तरी सगळं भरलंय! एक शब्द सुटला नाही! म्यूट नुसतं स्पीकरला असतं, कॅसेटीला नसतं."

पासिताचा हात सुपात तसाच राहिला. "परत सांग."

"अहो, वायरी मागून जातात ना. स्पीकर गप्प, पण कॅसेट ऐकत असते."

कॅसेट ऐकत असते. पासिता उठली तेव्हा मांडीवरचे तांदूळ घरभर झाले. पायांत आली ती चप्पल घालून ती निघाली. अर्ध्या वाटेवर कळलं की एक आपली आहे, एक नानायची.

मानोंग तिबोच्या अंगणात माणसांची जत्रा भरली होती. जाणाऱ्याला निरोप द्यायला अर्धं गाव येतं आणि अर्ध्या गावाच्या हातात काहीतरी 'एवढंच, जड नाही' असतं. टेबलावर पान्सितची, परतलेल्या शेवयांची, परात, बाजूला भाजलेला बांगुस मासा. मधोमध मानोंग तिबोचा खोका, चहूबाजूंनी चिकटपट्टी मारलेला, दोरखंडाने बांधलेला, वर जाड अक्षरात नाव. दोन माणसं तो वजनाच्या काट्यावर चढवत होती.

"ये, पासिता!" तिबो लांबूनच ओरडला. "आता काय राहिलं? नवऱ्याला पाठवायला स्वतःच खोक्यात बसतेस का? बस, मी सुकी मासळी काढून जागा करतो!"

सगळे हसले. पासितानेही तोंडावर हसू आणलं.

"मानोंग, कॅसेटी कुठे ठेवल्यात हो?"

"बुटांत. आणि बूट तळाशी. का? काही राहिलं का बोलायचं? सांग, उघडतो. जीप यायला अजून अर्धा तास आहे. दोरी काय, परत बांधता येते."

झालं. माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणत होता, उघडतो. एक 'हो' म्हणायचं होतं. पण 'हो'च्या मागे 'का' येणार होतं. वीस माणसं पान्सितच्या ताटल्या हातात धरून तिच्याकडे बघत होती, आणि यांतल्या एकाही माणसाने आजवर दिलेली कॅसेट परत मागितली नव्हती. 

"छे छे," ती म्हणाली. "काही नाही. मी आपली निरोप द्यायला आले."

"मग खा की!"

आणि ती खायला बसली. तिने ताटलीभर पान्सित खाल्लं, बांगुसाचे काटे निगुतीने बाजूला काढले, तिबोच्या बायकोच्या हाताची तारीफ केली. जीप आली. खोका वर चढला. सगळ्यांनी हात हलवले, तिनेही हलवला. घरी परतताना तिला स्वतःचाच राग आला, आणि त्या रागाच्या खाली काय आहे ते तिने बघायचं टाळलं. लाजेने गप्प बसले, असं ती स्वतःला सांगत होती. पण लाज काही अर्धा तास टिकत नाही. तिच्या आत कोणीतरी होतं, ज्याला ती कॅसेट जायला हवी होती.

मग सात आठवडे.

खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं. नानाय डुकराला भरवताना 'तुझा मालक येतोय' म्हणायची, की पासिताच्या हातून काहीतरी पडायचं. फाटकाची कडी वाजली की तिला वाटायचं, तार आली. सांतोने काय केलं असेल? दारू त्या देशात मिळत नाही, पण छतावरून उडी मारायला काही परवाना लागत नाही. मागे गावातलाच एकजण बायकोची बातमी ऐकून कामावरच्या शिडीवरून पडला होता. पडला की पडू दिलं स्वतःला, हे कोणी विचारलं नाही. भरदुपारी अंगणात कपडे वाळत घालताना तिला ती शिडी दिसायची.

रविवारी प्रसाद घ्यायला सगळा बाक उठला तरी ती बसून राहिली. दोनदा असं झाल्यावर नानायने तिच्याकडे बघितलं. तिसऱ्या शनिवारी ती कबुलीच्या खुराड्यात गेली.

"मी नवऱ्याला खरं बोलले, फादर."

जाळीपलीकडून फादर म्हणाले, "ते पाप नाही, मुली."

"पण तो ऐकेल असं मला वाटलं नव्हतं."

"मग?"

"मग तो ऐकू नये म्हणून काही करता येत होतं, तेव्हा मी पान्सित खात बसले."

फादर म्हातारे होते, त्यांनी अनेक तऱ्हा ऐकल्या होत्या, पण ही नवी असावी. "नक्की कशाची माफी मागतेस?" त्यांनी विचारलं. तिला सांगता आलं नाही. त्यांनी तीन प्रार्थना दिल्या आणि लवकर सोडलं. तीन प्रार्थनांनी काय होतंय? नानायवर खेकसलं तरी तीन मिळायच्या.

बेलेनला तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. बेलेनने कपाळाला हात लावला. "म्हणजे माझं 'गाढवा' पण गेलं?"

"गेलं."

"देवा! आणि त्याच्यामागोमाग तुझं 'आम्ही वाट बघतोय'. त्यापेक्षा शिवी घातली असतीस तर बरं झालं असतं."

हेच तिला रात्रंदिवस टोचत होतं. नुसतं कडू बोललं तर माणूस रागावतो आणि मोकळा होतो. पण कडू बोलून लगेच साखर चाटवली, की पुढे आयुष्यभर तुमच्या साखरेवर कोण विश्वास ठेवील?

आठव्या आठवड्यात शेजारच्या गावचा एकजण सुट्टीवर आला आणि कॅसेट देऊन गेला. जेवणं झाली होती. नानायने स्वतः ती डेकमध्ये घातली. तिला तीन बटणं येत होती, लावायचं, थांबवायचं आणि मागे न्यायचं. त्या तीन बटणांवर ती रोज दुपारी एकटी बसून लेकाचा आवाज ऐकायची, तोच तोच, नवा येईपर्यंत.

"नानाय, कशी आहेस?" पाची कोपऱ्यांतून सांतो म्हणाला. नानायने भिंतीकडे बघून "बरी आहे" म्हटलं. मारिकारच्या मार्कांबद्दल झालं. डुकराबद्दल झालं. पासिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आवाज नेहमीचाच होता. सांतो जिवंत होता, हसतसुद्धा होता.

मग तो म्हणाला, "आता सगळे जरा बाहेर जा. नानाय, तू पण. मला पासिताशी बोलायचंय."

मारिकार खिदळली. नानायने तोंड वाकडं केलं, पण आतून खूश होती. "नवराबायकोचं असेल. चल गं पोरी, आपण मूग निवडू." तिने मुगाची परडी घेतली आणि अंगणातल्या बाकावर जाऊन बसली.

पासिताने हेडफोनची वायर रिसीव्हरला लावली. स्पीकर गप्प झाले. आता सांतो कोपऱ्यांत नव्हता. एकदम कानात होता.

"तुझी कॅसेट ऐकली," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता कूलरचा आवाज. "एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. इथे एकाची कॅसेट आली की सगळे ऐकतात. शुक्रवारी जेवण झाल्यावर. खोलीत आम्ही बाराजण. ज्याच्या घरून काही आलं नाही तो दुसऱ्याच्या मुलांचे मार्क ऐकतो. तर तुझी लावली. नानाय ओरडली, सगळे हसले. मारिकारचं गाणं झालं. मग तू."

पासिताने डोळे मिटले. बाराजण. तिचा पलंग, तिची झोप, मीठ, सगळं बारा माणसांनी ऐकलं होतं.

"कोणी उठून बंद केली नाही. मीपण नाही. संपल्यावर मानोंग सेलो म्हणाला, कॅसेट मागे घे, परत लाव. तो म्हातारा, आमच्यातला सगळ्यात जुना. मला वाटलं थट्टा करतोय. उठलो त्याला मारायला. तर तो रडत होता. म्हणाला, माझी बायको एकोणीस वर्षं प्रत्येक कॅसेटीत म्हणते, आम्ही सगळे मजेत आहोत. ती मेली तरी हेच म्हणेल. मागे घे रे, एकदा तरी कोणाची तरी बायको खरं बोललेली ऐकू दे. मग आम्ही परत ऐकली. दोनदा."

पासिता जमिनीवर बसली.

"मला राग आला होता. नाही असं नाही. चार दिवस कोणाशी बोललो नाही. मग कळलं, राग कशाचा आहे. पासिता, मी सही आधीच केली होती. तुला विचारलं त्याच्या नऊ दिवस आधी. दोन वर्षांची. तुला विचारलं तेव्हा कागद जमा झाला होता."

कूलर.

"मला घरी यायची भीती वाटते. तिथे मला माझी जागा सापडत नाही. तू पंचेचाळीस दिवस मोजलेस. मी पण मोजत होतो. मला वाटलं, तू म्हणशील, राहा, छप्पर करायचंय, मारिकारचं कॉलेज आहे. मग मी नानायला सांगितलं असतं, पासिता म्हणाली म्हणून राहिलो. म्हणून विचारलं तुला. माझ्याच्याने ते एकट्याने उचलवत नव्हतं. आता तूच ठरव, नानायला काय सांगायचं ते. तुला योग्य वाटेल ते सांग."

त्यानंतर तो काहीतरी पुटपुटला, बहुतेक तिचं नाव, आणि बाजू संपली.

आधी पासिताला हसू आलं. सात आठवडे ती ज्याला शिडीवरून पाडत होती, तो सही करून खिशात ठेवून बसला होता! मग संताप आला. 'तूच ठरव.' पुन्हा तेच. अकरा वर्षांत माणूस पहिल्यांदा खरं बोलला आणि बोलता बोलता ओझं परत हिच्याच डोक्यावर ठेवून गेला. आणि मग, संतापाच्या पाठोपाठ, तिला तो पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपलेला दिसला. जागा होता तोही. दोघं जागी होती, पंचेचाळीस रात्री, पाठीला पाठ लावून, आणि एकानेही कूस बदलली नव्हती. तिला रडू आलं ते त्याचं.

खिडकीतून नानाय दिसत होती. मूग निवडता निवडता ती मारिकारला काहीतरी सांगत होती, आणि मध्येच हात लांब करून दाराची रुंदी दाखवत होती. बहुधा सांतो लहानपणी कुठल्या दारात अडकला होता ते.

उद्या दुपारी नानाय ही कॅसेट लावणार. लावायचं बटण तिला येतं. लेकाला घरी यायचं नव्हतं आणि त्याने त्यासाठी बायकोचं तोंड उसनं घेतलं, हे ती त्याच्याच आवाजात ऐकणार, पाची कोपऱ्यांतून. कॅसेट लपवली तर घर उलटंपालटं करून शोधेल. ती तिच्या लेकाची कॅसेट होती.

पासिताने कॅसेट मागे घेतली, 'आता सगळे जरा बाहेर जा' ऐकू येईपर्यंत, आणि त्याच्या पुढे थांबवली. एकदा, फक्त एकदा, परत ऐकावी असं तिच्या मनात आलं. पण परत ऐकली असती तर पुसवली नसती, हे तिला ठाऊक होतं. तिने रिसीव्हरचं चाक 'फोनो'वर फिरवलं, जिथे काहीच जोडलेलं नव्हतं. मग डेकचं भरायचं बटण दाबलं, म्हणजे जुन्या आवाजावर नुसती शांतता भरली जाईल.

डेकचे छोटे दिवे एकदाही हलले नाहीत. पासिता हात मांडीवर ठेवून बसून राहिली. अकरा वर्षांत त्यांच्यात एकदाच काहीतरी खरं बोललं गेलं होतं, आणि ते तिच्याच हाताने इंचाइंचाने जात होतं. सेलोचं रडणं गेलं. नऊ दिवस गेले. तिचं नाव गेलं. कोणी विचारलं असतं तर या वेळी ती फादरना नीट सांगू शकली असती, कशाची माफी ते.

बाजू संपून टक्क झालं तेव्हा नानाय दारात होती.

"झालं का तुमचं? कधी येतोय?"

"येत नाही, नानाय. दोन वर्षांची सही केलीय."

नानायच्या हातातली परडी कलली. "का?"

"मी सांगितलं त्याला. त्या कॅसेटीत. छपराचं आहे, मारिकारचं आहे... मी म्हटलं, राहा."

"मी होते तेव्हा. तू 'ये' म्हणालीस."

"तुम्ही चहा आणायला गेलात, तेव्हा 'राहा' म्हटलं."

पासिताला वाटलं, नानाय आता शिव्या देईल, परडी फेकेल, काहीही चाललं असतं. पण ती आत आली, डेकपाशी खुर्ची ओढली, कॅसेट सुरुवातीला नेली आणि लावायचं बटण दाबलं. पासिताने चाक परत कॅसेटीवर फिरवलं आणि हेडफोनची वायर काढली. सांतो कोपऱ्यांत आला. "नानाय, कशी आहेस?" या वेळी नानायने उत्तर दिलं नाही. मार्क झाले, डुक्कर झालं, 'आता सगळे जरा बाहेर जा' झालं. मग काहीच नाही.

पासिता थांबली, की ही आता बंद करील. नानाय उठली नाही. हात मांडीवर, नजर समोरच्या स्पीकरवर. रिकामी कॅसेट फिरत होती आणि म्हातारी ती ऐकत होती. बाहेर मारिकारने डुकराला हाकललं. एक मिनिट गेलं, पाच गेली, अकरा गेली. शेवटचं टक्क होईपर्यंत ती हलली नाही.

"इथे तो बोलला होता," नानाय म्हणाली.

पासिताने मान खाली घातली. "हो."

"बरं."

तिने परडी उचलली. दोन मूग खाली पडले होते, ते वाकून वेचले. वाकताना तिने एक हात पासिताच्या खांद्यावर टेकला, आधाराला टेकतात तसा, आणि उभी राहिल्यावरही तो लगेच काढला नाही.

"पुढच्या कॅसेटीत त्याला सांग, मला बाहेर बसवून बोलत जाऊ नकोस म्हणावं. बाहेर बसायला माझ्याकडे आता फार दिवस नाहीत."

"सांगते, नानाय," पासिता म्हणाली.